नवसाचा नाच आणि डावी बाजू

जगातल्या कुठल्याही बाईच्या दोन बाजू एकसारख्या नसतात, आणि हे सत्य जिला उमगलं तिला आयुष्यात कशालाच घाबरण्याचं कारण नाही, असं लमाईचं ठाम मत होतं. बाजारात वीस-बावीस वर्षं ब्रा विकून तिनं ते कमावलं होतं आणि मालाबरोबर ती ते फुकट वाटायची. लग्न ठरलेली पोरगी असो, शाळेच्या मोठ्या बाई असोत की मुखियाची नुकतीच बाळंत झालेली सून, दुकानाच्या कोपऱ्यातल्या फुलाफुलांच्या पडद्यामागून घाबरा आवाज आला की लमाई हातातला चिकट भाताचा गोळा खाली न ठेवता बाहेरूनच सांगायची, "डावी मोठी वाटते ना? असू दे. घडवणाऱ्यानं पट्टी लावून घडवलं असतं तर माझं दुकान कसं चाललं असतं?"

त्या दिवशी त्याच पडद्यामागे लमाई स्वतः उभी होती. ब्लाउज वर, हनुवटी खाली, आणि डावी बाजू उजवीसारखी दिसत नाही हे पाहून तीच घाबरली होती.

बाहेर एक गिऱ्हाईक छत्तीस नंबर मागत होतं. "शोधतेय," लमाई आतून म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

गंमत अशी की शोधायला काही उरलंच नव्हतं. पावसाळा संपता संपता तिच्या हाताला डावीकडे काहीतरी टणक लागलं होतं. मग प्रांताच्या मोठ्या इस्पितळात फेऱ्या झाल्या. दोन पाट्यांमध्ये छाती चेपणारं ते यंत्र झालं, गार जेल फासून सोनोग्राफी झाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वाट पाहणं झालं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं की या पाण्याच्या गाठी आहेत, या वयात होतात, कॅन्सरचं काही नाही. पुढच्या वर्षी दाखवायला या, आणि मध्येच काही नवं जाणवलं तर तेव्हाच या. लमाईनं हात जोडले, बाहेर येऊन रडून घेतलं आणि नवऱ्याला फोन केला. नवरा उथाई बर्फाची गाडी चालवायचा. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला लावून रडून घेतलं. त्या दिवशी गावात बर्फ कमी पोचला.

म्हणजे सगळं आटोपलं होतं. फक्त लमाईच्या उजव्या हाताला ते कुणी कळवलं नव्हतं.

हात आपोआप डावीकडे जायचा. गल्ल्यातली चिल्लर काढायला निघालेला हात वाटेतच थांबून चाचपणी करून घ्यायचा. पिकअपच्या बाकड्यावर बसली की मांडीवरची पिशवी छातीशी घ्यायची आणि पिशवीमागे तपास चालायचा. विहारात भिक्खू देहाच्या अनित्यतेचं पठण करत होते, तेव्हा खांद्यावरचा शेला सारखा करण्याच्या निमित्तानं तिनं अनित्यतेचाही अंदाज घेतला. काल लागलं होतं ते आज थोडं मोठं वाटायचं. काल नीट पाहिलं नव्हतं असं मग लक्षात यायचं. म्हणून आज नीट पाहायचं, म्हणजे उद्या तुलना करता येईल. उद्याही हाच हिशेब. शिवाय त्या यंत्रात ती उभी असताना इस्पितळातले दिवे एकदा लुकलुकले होते. यंत्राचं लक्ष त्याच क्षणी दुसरीकडे गेलं नसेल कशावरून?

एवढ्यावर भागलं असतं तर ती आणि तिचा हात, दोघांनी आपसात निभावून नेलं असतं. पण मध्ये आजोबा होते.

गावाबाहेर मोठ्या झाडाखाली आजोबांचं ठाणं आहे. गावाचे राखणदार तेच. पीक, नोकरी, पोरं, परीक्षा, सगळं गाव त्यांच्याकडेच मागतं आणि मागितलेलं मिळालं की बोललेलं फेडतं. इस्पितळाचा निकाल यायच्या आदल्या दिवशी लमाई तिथं गेली होती. तिच्या पुढच्या बाईनं मुलाच्या सरकारी नोकरीसाठी परातभर उकडलेली अंडी कबूल केली. तिच्या पुढच्या माणसानं म्हैस सापडावी म्हणून डुकराचं डोकं. लमाईची पाळी आली तेव्हा तिच्यातली दुकानदारीण जागी झाली. म्हशीला जर डुकराचं डोकं, तर आपल्याला काय बोलावं? अंडी काय, कुणीही देतं. चांगल्या नाचणाऱ्या पोरी भाड्यानं आणून नाचवणारेही पुष्कळ. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, की आजोबा, निकाल चांगला येऊ द्या, मी स्वतः तुमच्यापुढं नाचीन.

लमाई जन्मात नाचली नव्हती. शाळेच्या कार्यक्रमात तिला झाड केलं होतं, आणि झाड म्हणूनही ती हलली अशी बाईंची तक्रार होती. पण आजोबांपुढं बोललेलं ठाण्याची झाडलोट करणाऱ्या थोंगदी काकांच्या कानावर गेलं, काकांच्या कानावर गेलेलं बाजाराच्या कानावर गेलं, आणि निकाल चांगला आल्याची बातमी उथाईच्या बर्फाबरोबर दारोदार पोचल्यावर सगळा बाजार नाचाच्या तारखेची वाट पाहू लागला.

लमाई तारीख देईना.

शेजारच्या गाळ्यात केळी तळणारी बुआफान ही तिची बालमैत्रीण. शाळेच्या त्या कार्यक्रमात ती राजकन्या होती, आणि हे तिनं चाळीस वर्षांत लमाईला विसरू दिलं नव्हतं. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा लमाई म्हणाली, गुडघा दुखतोय. दुसऱ्यांदा म्हणाली, सणाचा माल यायचाय. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं खरं कारण सांगितलं, आणि ते आजोबांच्याच काळजीचं होतं. समजा, आज नाचून मोकळी झाले आणि उद्या काही निघालं, तर आजोबांची अब्रू जाईल. लोक म्हणतील, नाच घेतला आणि काम अर्धवट केलं. त्यापेक्षा आधी खात्री होऊ दे.

"खात्री कशी होणार?" बुआफाननं विचारलं.

"बघतेय ना मी रोज."

बुआफाननं झाऱ्यातली केळी निथळत तिच्याकडं पाहिलं. लमाईचा हात त्या क्षणीही कामावर हजर होता.

बाजारात दोन तट पडले. मासेवाल्या म्हणत, लमाईताई सावध आहे, बरोबर आहे तिचं. भाजीवाल्या म्हणत, सावध कसली, लाजतेय. मग फेडायच्या राहिलेल्या नवसाची लक्षणं दिसायला लागली. वाऱ्यानं मासेवाल्यांची छत्री उडाली आणि थेट कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या गाडीवर पडली. बुआफानच्या कढईतलं तेल उतू गेलं. एकीच्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या. यातलं प्रत्येक दरवर्षी व्हायचं, पण यंदा त्याला पत्ता मिळाला होता. गिऱ्हाईक नसलेल्या बायकाही लमाईच्या दुकानाशी थांबून, ब्रा चाचपत, सहज म्हणून विचारायच्या की आजोबांचं काय ठरलं. मग रिकाम्या हातानं जायला ओशाळं वाटायचं, म्हणून काहीतरी घेऊन जायच्या. तो महिना लमाईला धंद्याला फार चांगला गेला. याचाही तिला संशय आला.

लोकांच्या या सगळ्या बोलण्यानं ती नाचायला तयार झाली नाही, पण तपास मात्र वाढला. आणि तपास वाढल्यावर एका सकाळी, आंघोळीच्या वेळी, डावी बाजू दुखली. नुसती दुखली नाही, तर बाहेरच्या अंगाला एक निळसर डाग होता. काल नव्हता.

लमाई नेसतं लुगडं छातीशी धरून बराच वेळ मोरीत उभी राहिली. इतके दिवस ती रोज घाबरत होती, पण ते घाबरणं हाताळायचं, फिरवायचं, पुन्हा जागेवर ठेवायचं असं होतं. हे निराळंच होतं. तिला कसलाही आवाज ऐकू येईना. नवऱ्याला हाक मारावीशी वाटली आणि हाक निघेना. दुकान न उघडता ती तशीच बुआफानकडं गेली आणि म्हणाली, चल. बुआफाननं कढईखालचा गॅस बंद केला आणि कुठं म्हणून विचारलं नाही. तिनं केळी तशीच टाकून निघणं हे गावानं पहिल्यांदा पाहिलं.

पिकअपमध्ये दोघी शेजारी बसल्या. लमाईचा डावा हात अंगाशी घट्ट मिटलेला होता, जसं काखेत काही धरलंय आणि ते पडेल. आता बुआफानच्या लक्षात आलं की तो कित्येक दिवस तसाच होता. वरच्या खुंटीवरचा माल काढायलाही ती उजवाच वापरत होती.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी घाई केली नाही, हसल्याही नाहीत. आल्यात हे बरं केलंत, नवं काही वाटलं तर यायचंच, असं आधी म्हणाल्या. मग नीट तपासलं, पुन्हा जेल, पुन्हा सोनोग्राफी, मागच्या वेळच्या चित्राशेजारी आजचं चित्र ठेवून पाहिलं. गाठी होत्या तिथंच, होत्या तेवढ्याच. मग त्या डागाकडं वळल्या आणि विचारलं की तुम्ही घरी किती वेळा तपासता.

"रोज एकदा," लमाई म्हणाली.

"सकाळी सुरू करते ती दिवे लागेपर्यंत," बुआफान कोपऱ्यातून म्हणाली. "तसं पाहिलं तर एकदाच."

डॉक्टरीणबाईंनी लमाईला सांगितलं की घरी जसं दाबता तसं दाबून दाखवा. लमाईचा उजवा हात सरावानं जागेवर गेला. चार बोटं खाली, अंगठा वर. अंगठा त्या निळसर डागावर बरोब्बर बसला. डागाला अंगठ्याची गोलाई होती, आणि लमाई नख थोडं वाढवून ठेवायची, त्याचीही खूण होती.



"म्हणजे हे मीच केलं?" लमाईनं विचारलं.

"तुम्हीच. मला रोज इतकं दाबलं असतं तर मीही निळी पडले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखतंय तेही त्यानंच. थोडे दिवस हात लावू नका, आपोआप जाईल. नाही गेलं तर या."

बुआफाननं तोंडावर शेला धरला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. तिचे खांदे हलत होते.

पण लमाई हसली नाही. तिनं कपडे सारखे केले, खुर्चीवर पुढं सरकून बसली आणि इतके दिवस आत ठेवलेलं विचारलं. "डॉक्टरीणबाई, एकदा पक्कं सांगून टाका. मला कधीच होणार नाही ना?"

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. "ते मी माझ्या आईलाही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आजचं सांगते. आज काही नाही. पुढचं पाहायलाच पुढच्या वर्षी बोलावलंय."

मग त्यांनी सांगितलं की हात अजिबात लावू नका असं नाही, आपली रोजची ठेवण कशी आहे ते आपल्याला ठाऊक असावं. पण महिन्यातून एकदा, एक दिवस ठरवून, बोटांच्या पेरांनी, हलकं. पिठाचा गोळा मळल्यासारखं नाही. दिवस असा धरा की जो विसरणार नाही. बुआफान कॅलेंडरापासून न हलता म्हणाली की लॉटरीचा दिवस धर, एक तारखेला सगळा देश काही ना काही तपासतच असतो. डॉक्टरीणबाईंना ते पटलं. लमाईनं विचारलं, सोडत सोळा तारखेलाही असते, तेव्हाही पाहू का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही. सोळाला फक्त तिकीट पाहायचं.

परत येताना दोघी थांब्यावरच्या टपरीत पपईची कोशिंबीर खायला बसल्या. बुआफाननं मिरच्या वाढवून मागितल्या, म्हणजे हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी त्यात खपून जाईल. लमाई भाताचा गोळा बोटात फिरवत राहिली. मग म्हणाली की बघ, त्यासुद्धा पक्कं सांगत नाहीत. मग मी कशाच्या जोरावर नाचू?

बुआफान तिखटानं हाशहुश करत होती. तिनं पाणी पिऊन ओठ पुसले.

"तू आजोबांना काय बोलली होतीस? शब्द सांग."

"निकाल चांगला येऊ द्या, नाचीन."

"आला ना चांगला?"

"आला, पण..."

"पण काय? सौदा निकालाचा झाला होता, लमाई. अमर करा असं कुठं म्हणाली होतीस? त्यांनी माल दिला. आता घरी नेऊन, वापरून, वर म्हणतेस की कायमचा टिकेल असं लिहून द्या, मग फेडते. तुझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं तर काय करशील?"

लमाईकडं असं गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. तहसील कचेरीतल्या एका बाईनं वर्षभर वापरलेली ब्रा परत आणून ती पूर्वीसारखी बसत नाही म्हणून तक्रार केली होती. लमाईनं तिला रस्त्यापर्यंत जाऊन काय काय सुनावलं ते बाजारात अजून म्हणून दाखवतात.

तिनं भाताचा गोळा कोशिंबिरीच्या रसात बुडवला. खाल्ला. "तिखट कमी आहे," ती म्हणाली, आणि बुआफानला कळलं की आता तारीख मिळणार.

नाच सोडतीच्या आदल्या दिवशी ठरला, कारण त्या दिवशी बाजार लवकर उठतो. लमाईला वाटलं होतं की दोघी-तिघींसमोर पटकन उरकावं. पण ती पोचली तेव्हा ठाण्यापुढं मासेवाल्या आणि भाजीवाल्या, दोन्ही तट चटया टाकून बसले होते. उथाईनं बर्फाच्या गाडीवर कर्णा बांधून आणला होता आणि येताना कुणाची तरी पोचवायची पेटी बाजूला काढून सगळ्यांना बर्फाचं लाल सरबतही दिलं. मागं लॉटरीच्या आकड्यांची नेहमीची आशेकरी मंडळी होती. झाडाच्या बुंध्याला पावडर चोळून आकडे शोधायला ती सोडतीच्या आधी येतेच. त्यांना नाचाचं काही नव्हतं, ती आपली खोडाकडं डोळे लावून बसली होती. थोंगदी काकांनी उदबत्त्या लावल्या आणि आजोबांना मोठ्यानं कळवलं, की लमाई आली आहे, उशीर झाला आहे, पण आली आहे.

लमाईनं केसांत फूल माळलं होतं आणि खेन या बांबूच्या बाजाच्या घुसमटत्या सुरांची वाट पाहत जमिनीकडं पाहत उभी होती. संगीत सुरू झालं. तिचा एक पाय पुढं गेला आणि परत आला. मग दुसरा. उजवा हात वर गेला, बोटं मागं वळवायची म्हणून तिनं ती वळवली आणि ती पंख्याच्या तुटक्या पात्यासारखी दिसली. भाजीवाल्यांमधून पहिलं हसू आलं. बाजार बरेच दिवस दाबून बसला होता. आता तो मोकळा झाला. लमाई लाल झाली, पण थांबली नाही. एक हात वर, एक पाय पुढं, आणि डावा हात अंगाशी घट्ट मिटलेला. एका पंखाचं बदक चालावं तशी ती ठाण्यापुढून एक फेरी मारून आली.

"डावा पण," बुआफान चटईवरून म्हणाली. ती हसत नव्हती. "लमाई, आजोबांनी दोन्ही बाजूंचं काम केलंय. डावा पण वर कर."

लमाईनं तिच्याकडं पाहिलं. डाव्या हाताला काय करायचं तेच आठवत नव्हतं. तिनं तो अंगापासून थोडा सोडवला. खाली काही पडलं नाही. मग कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि मग एकदम तो वर गेला आणि तिची बगल, बरगड्या, ती सगळी राखून ठेवलेली बाजू उघड्या वाऱ्यावर आली. थोडं दुखलं. अंगठ्याचंच ते दुखणं. तिनं ते ओळखलं आणि बोटं मागं वळवली. ती याही हाताला नीट वळली नाहीत.

पण आता हसण्याचा सूर बदलला होता. मासेवाल्या टाळ्यांवर ताल धरून होत्या. एक म्हातारी उठून लमाईशेजारी नाचायला लागली आणि तिला कुणी नाही म्हटलं नाही. उथाई गाडीजवळ उभा राहून डोळे पुसत होता. बर्फ वितळून त्याच्या चपलांवरून वाहत होता. गाणं संपलं तरी लमाईला कळलं नाही. पुढचं सुरू झालं, तेही संपलं. तिचे दोन्ही हात इतका वेळ वर होते की तपासाला एकही मोकळा नव्हता, आणि हे तिच्या ध्यानात आलं ते खूप नंतर, धाप लागून ती थांबली तेव्हा.

ती ठाण्यापुढच्या वाळूत उभी राहिली. घाम डोळ्यांत जात होता. तिनं हात जोडले. आजोबांना काहीतरी मोठं सांगायचं होतं. पुढच्या वर्षी परत जाईन, त्याच्या पुढच्या वर्षीही जाईन, आणि मधल्या दिवसांत जगून घेईन, असं काहीसं. शब्द जुळत होते. बाजारानं हात जोडले. थोंगदी काकांनीही मान खाली घातली. 

तेवढ्यात आशेकऱ्यांतला एक पोक्त माणूस हळूच पुढं आला. तो उकिडवा बसला, लमाईच्या नाचानं वाळूत उमटलेल्या रेघांवरून बोट फिरवू लागला आणि अत्यंत अदबीनं वर पाहत म्हणाला,

"मावशी, तेवढा एक पाय उचलता का? खाली सात आहे की एक, ते दिसत नाहीये."